खिशातला रोटर

साताऱ्यापासून आटपाडीपर्यंत आमचे जेवढे नातेवाईक पसरलेले आहेत, ते सगळे अजून एकमेकांना ओळखतात ते एकट्या आमच्या आतोबांमुळं, हे मी कुणाच्याही समोर शपथेवर सांगेन. आणि त्याच आतोबांची गाडी बंद पाडली ती मी, हे मात्र आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दोन वर्षं झाली. माझा स्वभावच असा की आतलं बाहेर येत नाही. पण आता पन्नाशी उलटली, आणि एवढीशी वस्तू खिशात घेऊन फिरतानाही दम लागायला लागला, म्हणून लिहायला बसलो आहे.

आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. मूळचे आटपाडीकडचे, लष्करात चोवीस वर्षं ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर आत्याच्या हट्टापायी साताऱ्यात घर बांधून राहिले. येताना त्यांनी लष्कराची शिस्त बरोबर आणली आणि मग दोन वर्षांनी लष्कराच्या लिलावातली एक जीपही आणली. जीप चालू झाली की गल्लीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत जात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, ही जीप घेऊन आतोबा एकटे निघायचे ते कोजागिरीला दूध आटायच्या आत परत यायचे. पाच दिवस, चार घरं, आणि वाटेत जे जे बघण्यासारखं असेल ते सगळं. मागं ओल्या फडक्यात गुंडाळलेली आपट्याची पानं. दसऱ्याचं सोनं ज्याचं त्याच्या घरी जाऊन, हातात हात घेऊन द्यायचं. फोनवर शुभेच्छा देणाऱ्याला ते ‘वायरीवरचा पावना’ म्हणत. आत्या कधीच बरोबर गेली नाही. “पाच दिस त्या धुडात बसून माझी हाडं सुटी करून घिऊ व्हय?” असं ती म्हणायची आणि त्यांच्या पिशवीत दशम्या भरायची. बाकी कुणाला त्यांनी कधी बोलावलं नाही. “एकट्याला रस्ता दिसतो, दोघांला गप्पा दिसत्यात,” हे त्याचं कारण.

स्थळं बघण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. ते बघायचे नाहीत, तपासायचे. कासच्या पठारावर माणसं फुलांत गुडघे टेकून फोटो काढत असताना आतोबा पाठीमागं हात बांधून पायवाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे, थांबायचे आणि शेरा द्यायचे, “रांगंत न्हाईत, पर ठीक हाय.” महाबळेश्वरच्या कड्यावर पोरंपोरी दरीत हाका मारून आपलाच आवाज ऐकत उभी असतात, तिथं ते ताठ उभे राहून दरी डावीकडून उजवीकडं नजरेखालून घालायचे. “ठीक हाय.” सांगलीच्या घाटावर कृष्णेला “ठीक हाय.” हा त्यांचा सगळ्यांत वरचा शेरा. एकदा वाटेतल्या एका हॉटेलवाल्यानं त्यांना हौसेनं आपल्या बागेतला सिमेंटचा जिराफ दाखवला. आतोबा त्याच्याकडं पुरी दोन मिनिटं बघत राहिले आणि एक अक्षर न बोलता जीपमध्ये जाऊन बसले. तो हॉटेलवाला नंतर बराच वेळ जिराफाभोवती फेऱ्या मारत होता, असं ते सांगायचे.

घरांचीही तीच गत. उंबऱ्यात पाऊल पडलं की आधी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला सोनं, मग हजेरी. अंगणात सगळ्यांना उभं करून मोजायचे. “गेल्या साली अकरा व्हता, औंदा धा कशी?” मग कोण नोकरीला पुण्याला गेलं, कुणाशी कुणाचं बिनसलं, सगळं त्या एका आकड्यातून बाहेर यायचं. पलूसला त्यांच्या मावसभावाकडं नवीन आलेल्या सूनबाईंनी पहिल्या वर्षी त्यांना जनगणनेचा माणूस समजून आधार कार्ड आणून दाखवलं होतं. आतोबांनी ते नीट वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, “फोटू ठीक हाय.”

आणि एका घरचं दुसऱ्या घरी न्यायचं, हा त्यांचा नेम. दुकानातलं काही नाही. आमच्या आत्याच्या हातची चटणी महाबळेश्वरच्या त्यांच्या पुतण्याकडं, पुतण्याकडचा मध सांगलीला माझ्या धाकट्या आत्याकडं, तिच्याकडची हळद पलूसला, पलूसचा गूळ आटपाडीला. आटपाडीला त्यांची थोरली बहीण असते, अक्का. फेरीतलं शेवटचं घर. एका वर्षी त्यांनी पुतण्याच्या शेतातून स्ट्रॉबेरीची चार रोपं ओल्या मातीसकट उचलली आणि चार दिवस मांडीजवळ ठेवून, तहानेला आणलेलं पाणी त्यांना पाजत, त्या कोरड्या मुलखात नेऊन अक्काच्या हाती दिली. अक्कानं ती फुटक्या माठात लावली. तीन जळाली. चौथ्याला हरभऱ्याएवढं एक फळ धरलं, ते बघायला अख्खी गल्ली येऊन गेली. अक्कानं ते खाल्लं नाही. वाळेपर्यंत तसंच ठेवलं आणि पुढच्या दसऱ्याला भावाला दाखवलं.

आता रोटरबद्दल सांगायला पाहिजे. जुन्या पेट्रोलच्या गाडीला इंजिनापाशी एक काळं झाकण असतं, त्याच्या आत अंगठ्याएवढा एक काळा तुकडा, वर पितळेची पट्टी. हा रोटर. तो काढला की किल्ली असो, पेट्रोल असो, गाडी जागची हलत नाही. लष्करात आतोबांना पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की गाडी सोडून जाताना रोटर काढून खिशात टाकायचा, म्हणजे शत्रूला गाडी पळवता येत नाही. ते त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलं नाही. साक्षात सख्ख्या बहिणीच्या अंगणात जीप उभी करायचे, बॉनेट उघडायचे, रोटर काढायचे, सदऱ्याच्या खिशात टाकून वरून एक थाप मारायचे आणि मगच ‘अक्का’ म्हणून हाक द्यायचे. एकदा पलूसला जीप वाटेत लावून ते देवदर्शनाला गेले आणि मागं ट्रॅक्टर अडकला. शेवटी सहा जणांनी मिळून जीप ढकलत बाजूला नेली. आतोबा आले, जीपकडं बघितलं, घामाघूम झालेल्या त्या सहा जणांकडं बघितलं आणि खिशावर थाप मारून म्हणाले, “ढकलून न्हेली व्हय? पर चालू झाली का?”

दसऱ्याला सगळ्या गल्लीत गाड्यांना हार पडायचे. आतोबांच्या जीपलाही पडायचा, पण रोटर निघून देव्हाऱ्यात जायचा. तबकात झेंडूचं फूल, हळदकुंकू, आणि मधोमध तो काळा तुकडा. “गाडी काय, पत्र्याची हाय. जीव ह्येच्यात,” म्हणायचे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आतोबा दुसऱ्याच्या शेजारी बसून कधीच कुठं गेले नाहीत. माझ्या लग्नात वऱ्हाडाच्या बसमध्ये बसले नाहीत, मागं जीप घेऊन आले. दवाखान्यात दाखल व्हायलासुद्धा स्वतःच गाडी चालवत गेले. म्हणून दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आठवडाभर आधी, ते माझ्या घरी आले आणि म्हणाले, “गड्या, डाव्या डोळ्यानं समोरच्या एका गाडीच्या दोन दिसाय लागल्यात. डाक्टर म्हंतोय दिवाळीनंतर आपरेशन. औंदा तू चालीव. मी बसतो शेजारी,” तेव्हा ते काय मागत होते हे माझ्या डोक्यात शिरायला पाहिजे होतं. ते शिरलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं की पाच दिवस.

त्या वर्षी कचेरीत बदल्या झाल्या होत्या, दोघांचं काम माझ्या अंगावर होतं. मी महिनोन् महिने धड झोपलो नव्हतो. दसऱ्यानंतरची रजा मोठ्या मुश्किलीनं मंजूर झाली होती आणि मला त्या रजेत काहीही करायचं नव्हतं. कोणतंही स्थळ बघायचं नव्हतं, कुणाच्या घरी चहा प्यायचा नव्हता. फक्त घरात पडून राहायचं होतं. एवढं सांगितलं असतं तर आतोबा म्हणाले असते, ‘बरं.’ पण समोरच्या माणसाला नाही म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही. मी म्हणालो, “येतो की, आतोबा. त्यात काय!”

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला गेलो. आत्या आत चहा टाकत होती. आतोबा कुणालातरी निरोप द्यायला फाटकापर्यंत गेले होते. मी देव्हाऱ्यापुढं वाकलो. नमस्काराला हात जोडले आणि ते सोडताना तबकातला रोटर उचलून खिशात टाकला. ठरवून गेलो नव्हतो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. घरून निघतानाच ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यात कपडे मशिनला लावताना बायकोनं विचारलं, सदऱ्याच्या खिशाला पिवळं कशाचं? मी म्हणालो, देवाचं.

सकाळी सहाला आत्याचा फोन. “आरं, ह्यांचा रोटर सापडंना झालाय. ये बरं जरा.” मी गेलो. आणि इथून पुढचं लिहिताना हात थांबतो, पण लिहितो. मीही शोधू लागलो. दोन तास शोधलं. देव्हारा बाहेर काढला, गव्हाचा डबा परातीत उपडा केला, निर्माल्याची पिशवी झेंडूचं एक एक फूल बाजूला करत तपासली. रोटर माझ्या घरी कपाटात होता. आतोबा शेवटी पायरीवर बसले आणि म्हणाले, “तबकातच ठेवला हुता रं मी. का ठेवला न्हवता?”

आत्या म्हणाली, “आवं, तबकातच हुता. म्या स्वता कुंकू व्हायलं.”

“तू काल सकाळचं सांगतीस. सांजला मी काढून कुठं ठेवला आसंल तर?”

तेव्हा मी बोललो. माझ्यासारखा गप्प माणूस, पण नेमका तेव्हाच बोललो. “मनाला लावून घेऊ नका, आतोबा. वय झालं की व्हायचंच असं.”

रोटर घेतला हा एक अपराध. हे वाक्य त्याहून मोठा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. चौकातला मिस्त्री दुसऱ्या दिवशी नवा रोटर घेऊन आला, तर त्याला म्हणाले, “रोटर मिळंल रं. पर चाळीस सालात कवा हरवला न्हवता. ज्याला रोटर सांभाळाय येत न्हाई, त्यानं गाडीला हात लावू नये.” जीपवर ताडपत्री घातली. चार घरांना फोन गेले. वायरीवरचे पहिले.

माझं असं ठरलं होतं की कोजागिरी झाली की रोटर हळूच कुठंतरी ठेवून द्यायचा, सापडला की सगळं मिटेल. दोनदा खिशात घालून गेलोही. पण घरातला प्रत्येक कोपरा आतोबांनी स्वतः तपासला होता. तिथं तो सापडला असता तर आपल्याला समोरचंही दिसत नाही याची त्यांना खात्री पटली असती. मी दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

मग बातमी फिरली. आमच्या नातेवाइकांत बातम्या फिरवायला आता आतोबा नव्हते, तरी ही फिरली. ‘आतोबा इसराय लागल्यात.’ माणसं त्यांच्याशी मोठ्यानं, सावकाश बोलू लागली. डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, लांबची पाटी चष्म्याशिवाय वाचू लागले, पण वाचून झाल्यावर आत्याला विचारायचे, “तसंच लिवलंय न्हवं?” दाराची कडी लावली की पाच पावलं जाऊन परत येऊन बघायचे. सगळ्या घरांची हजेरी घेणारा माणूस, तो आता दिवसभर स्वतःची घेत बसला.

यंदाच्या दसऱ्याला आत्या म्हणाली, “दोन सालं झाली, कुणी तरी जाऊन या रं.” मी म्हणालो, मी जातो. आतोबांनी मला समोर बसवून सगळा रस्ता सांगितला. कुठं वळायचं, कुठं थांबून काय बघायचं, कुणाच्या घरी आधी कुणाच्या हातात सोनं द्यायचं. एकही चूक नाही. आणि प्रत्येक वाक्यानंतर आत्याकडं बघून, “बरोबर हाय न्हवं?” आत्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती हो म्हणत होती. माझ्या खिशात रोटर होता.

मी एकटाच गेलो, माझ्या गाडीनं. खरं सांगायचं तर चार दिवस मी थकलेलाच होतो. एकट्याला रस्ता दिसतो हे आतोबांचं म्हणणं खरं आहे, पण दुसरंही बरंच दिसतं. कासला फुलं ओसरत आली होती. महाबळेश्वरच्या कड्यावर गर्दीत उभा राहिलो, दरी डावीकडून उजवीकडं बघितली आणि ‘ठीक हाय’ म्हणून बघितलं. शेजारच्या बाई थोड्या लांब सरकल्या. पुतण्याच्या शेतात नव्या रोपांच्या रांगा लागल्या होत्या. त्यानं विचारलं, “काका मानसं वळखत्यात न्हवं अजून?” सांगलीला धाकटी आत्या मधाची बाटली घेऊन रडली. पलूसच्या सूनबाईंनी मला दारातच बघून मुलांना अंगणात उभं केलं. मला मोजता येईना. आधी किती होते ते मला माहीतच नव्हतं. प्रत्येक अंगणात गाडी लावली की माझा हात आपोआप खिशाकडं जायचा, वरून चाचपायचा, आणि मग मी हाक मारायचो.

आज सकाळी आटपाडीला पोचलो. अक्का आता चौऱ्याऐंशीच्या पुढं आहे, पण ओट्यावर ताठ बसलेली होती. शेजारी तो फुटका माठ, त्यात नुसती माती. तिनं माती ओली ठेवली होती. मी पुतण्याकडची रोपं दिली, गूळ दिला, पाया पडलो आणि सोनं पुढं केलं. तिनं रोपं घेतली, गूळ घेतला. पानांना हात लावला नाही.

“ह्ये ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी.”

“का हो, अक्का?”

“म्या लगीन हून आल्यापसनं माझ्या भावाच्या हातनं सोनं घेत्येय. आता तुझ्या हातनं कशाला घिऊ? त्येला घिऊन ये.”

मी म्हणालो, “आतोबा दुसऱ्याच्या गाडीत बसत नाहीत.”

“तर त्याच्या गाडीतनं आण. तुला येती न्हवं चालवाय?” मग माठातली माती बोटानं उकरत म्हणाली, “समदी म्हंत्यात इसराय लागलाय. माझा भाऊ इसरणारा न्हाई, बाबा. ल्हानपणी एक गोटी हरावली तर तीन दिस रान पालथं घातलं हुतं त्यानं. घावली तवाच जेवला. त्येची वस्तू त्येनं न्हाई हरावली. कुणी तरी न्हेलीया.”

सांगायची वेळ तीच होती. माझा हात खिशावर होता, पितळेची पट्टी कापडावरून बोटाला लागत होती. अक्का माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती, रोपाची मुळं मातीत दाबत होती. मी म्हणालो, “चहा ठेवता का, अक्का?” तिनं ठेवला. मी प्यालो आणि निघालो.

साताऱ्याला आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आतोबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, ताडपत्रीकडं तोंड करून. मी चारी घरांचं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटी विचारलं, “अक्का काय म्हनली?”

“ठीक हाय म्हणाली.”

“सोनं घेतलं?”

“घेतलं,” मी म्हणालो. परत आणलेली पानं तेव्हा माझ्या गाडीत होती.

त्यांनी मान हलवली. फाटकापर्यंत मला सोडायला आले, फाटकाची कडी लावली, पाच पावलं गेले आणि परत येऊन कडी बघितली. गाडीच्या आरशात मला ते दिसत होते. माझी गाडी वळेपर्यंत त्यांनी ती कडी आणखी एकदा बघितली.

उद्या कोजागिरी. अक्काची पानं वाळली आहेत, पण आतोबांच्या नेमाप्रमाणं उद्यापर्यंत ती चालतात. साताऱ्याहून सकाळी लवकर निघालं तर जीपनंसुद्धा दुपारच्या आत आटपाडी गाठता येते. रोटर मी आत्ता टेबलावर काढून ठेवला आहे. हळदीचा एक ठिपका अजून खाचेत आहे. तो घालायला दोन मिनिटं लागतात, आणि कसा घालायचा हे मला आतोबांनीच शिकवलेलं आहे. जड आहे ते तेवढंच वाक्य, जे मी दोन वर्षं त्यांना देणं लागतो: तुम्ही विसरला नव्हता, आतोबा, मी नेला होता.